परदेशगमन आणि प्रकृतीचा विमा

अमरावतीस किंवा अकोल्यास एखाद्या घरचा मुलगा परदेशीं शिकावयास निघाला म्हणजे त्या घरांत महिनाभर अगोदर लगबग सुरू होते. आजी सांडगी मिरची वाळवितात, काकू मेतकुटाचे डबे भरतात, काका वजनकांटा आणून पेटी तोलतात आणि आत्याबाई अंबादेवीला नवस बोलतात. या सर्व तयारींत एक कागद मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यांत आठवतो. तो कागद आरोग्यविम्याचा. त्याविषयीं वाचकांशीं दोन शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परदेशांतील आजारपण ही कांहीं नवी चिंता नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्यामागें विमा नव्हता. होती ती रोझेलच्या कार्पेंटरबाईंची माया. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली खरी; परंतु क्षयानें पोखरलेलें शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास निवर्तल्या. विमा असता तर त्या वांचल्या असत्या, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या काळीं क्षयावर औषधच नव्हतें. पण योगायोग असा कीं, त्या अमेरिकेंत उतरल्या त्याच महिन्यांत, १५ जून १८८३ रोजीं, जर्मनींत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. आजारपण हें एकट्याचें संकट नसून सर्वांनीं थोडेंथोडें देऊन वांटून घ्यावयाचें ओझें आहे, हें तत्त्व त्यानें कायद्यांत आणलें. आज वऱ्हाडांतील मुलें त्याच जर्मनीस जातात, आणि विम्यावांचून त्यांस तेथील रहिवासाचा परवाना मिळत नाहीं.

तेथील रीत समजून घ्यावी. विद्यार्थी तीस वर्षांखालील असेल, तर त्यास सार्वजनिक विम्यांत सवलतीच्या दरानें प्रवेश मिळतो. २०२५ सालीं हा हप्ता महिना सुमारें १४० ते १५० युरो होता. हा विमा सत्राबरोबर सुरू होतो. म्हणून मुलगा पंधरा दिवस अगोदर पोंचणार असेल तर त्या मधल्या दिवसांसाठीं प्रवासविमा निराळा हवा. खासगी विमा स्वस्त पडतो म्हणून सार्वजनिक विम्यांतून सूट मागण्याचा मोह होतो. परंतु ही सूट एकदां घेतली म्हणजे शिक्षण संपेपर्यंत मागें फिरतां येत नाहीं. ब्रिटनची तऱ्हा वेगळी आहे. तेथें फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यास वर्षाला ७७६ पौंड आरोग्य-अधिभार ठरला, आणि तो सर्व मुदतीचा एकदम, परवान्याच्या अर्जासोबतच भरावा लागतो. हा खर्च फीच्या शेजारींच मांडावा.

पण खरी मेख पुढेंच आहे. जर्मनींत नोकरी लागलेल्या मुलाच्या सार्वजनिक विम्यांत त्याची न कमावती पत्नी व मुलें जादा हप्त्यावांचून येतात. आईवडील येत नाहींत. आपल्या कुटुंबांत ज्यांचें पान पहिलें मांडावयाचें, त्यांस त्या कायद्याच्या कुटुंबांत जागाच नाहीं! चार दिवस नातवंडें पाहावयास जाणाऱ्या आजीआजोबांस निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो, आणि जुन्या विकारांचा खर्च अशा बहुतेक विम्यांत वगळलेला असतो. १ मार्च २०२४ नंतर प्रथम परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारांस आईवडिलांना कायमचें नेण्याची वाट कायद्यानें मोकळी केली आहे. परंतु त्यांच्या विम्याची तरतूद दाखवावी लागते, आणि पंचावन्न वर्षें उलटलेल्या नवागतास सार्वजनिक विम्याचें दार बहुधा बंद असतें.

आमच्या स्नेह्यांपैकीं अकोल्याच्या एक मातोश्री मुलाकडे गेल्या. मधुमेह वीस वर्षांचा. पण अर्जांत ‘पूर्वीचा विकार’ या प्रश्नापुढें ‘नाहीं’ असें लिहिलें गेलें. कांहीं हप्ता वाढूं नये म्हणून, कांहीं ‘चारचौघांत कशाला’ या संकोचानें. तेथें पायाची जखम चिघळली, रुग्णालयांत राहावें लागलें, कागद तपासले गेले आणि भरपाई नाकारली गेली. मुलाची दोन वर्षांची शिल्लक संपली. मातोश्रींस मात्र पैशाहून निराळेंच शल्य आहे. “मी पोराला भार झालें,” असें त्या अजून म्हणतात. खरें लिहिलें असतें तर कदाचित् तो विकार वगळलाहि गेला असता. पण तें घरीं आधींच कळलें असतें, आणि आईनें जावें कीं मुलानेंच सुटींत यावें, हें शांतपणें ठरवितां आलें असतें.

म्हणून आमची सूचना एवढीच. तिकीट काढण्यापूर्वीं एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. कोणास कोणता विकार, कोणतें औषध, हें आजोबांपासून सर्वांनीं मोकळेपणीं सांगावें. विम्याच्या कागदांतील ‘वगळलेले खर्च’ हें प्रकरण कोणीतरी मोठ्यानें वाचावें. आणि हप्ता कोणी भरावयाचा तेंहि त्याच बैठकींत ठरवावें. मेतकुटाचे डबे त्यानंतर खुशाल भरावेत.