ब्लॅकजॅकची भाषा: आधी नियम वाचा, मग कोड लिहा



"सिम्युलेशन शिकायचंय, सुरुवातीला कुठला प्रश्न घेऊ?" असं मला बऱ्याचदा विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे: ब्लॅकजॅक घ्या. नियम अर्ध्या तासात समजतात, गणित पदवीच्या पातळीचं आहे आणि चूक केलीत तर ती पकडता येते. मी केली होती. ती गोष्ट पुढे सांगतेच, पण त्याआधी खेळाची भाषा नीट समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हा लेख पैसे लावायला शिकवण्यासाठी नाही. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात, तिथे हा खेळ चालतो. पण आपल्याला तो कागदावर आणि कॉम्प्युटरवरच खेळायचा आहे. का, ते लेख संपेपर्यंत कळेल.

पानांची किंमत

५२ पानांचा नेहमीचा कॅट घ्या. २ ते १० या पानांची किंमत त्यांच्यावर लिहिलेली तीच. गुलाम, राणी, राजा प्रत्येकी १०. एक्का १ किंवा ११, जे सोयीचं असेल ते. बदाम, इस्पिक, किलवर, चौकट यांना इथे काही अर्थ नाही. आपण घरी मेंढीकोट खेळतो तसं हुकूम वगैरे नाही. पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ ओलांडायची नाही, एवढंच.

सामना बाकीच्या खेळाडूंशी नसतो. प्रत्येकाचा सामना डीलरशी, म्हणजे पानं वाटणाऱ्याशी असतो. टेबलावर सहा जण बसले असले तरी ते सहा वेगवेगळे डाव असतात.

शब्द

सुरुवातीला तुम्हाला दोन पानं मिळतात, डीलरलाही दोन. डीलरचं एक पान उघडं असतं, त्याला अपकार्ड म्हणतात. दुसरं झाकलेलं, ते होल कार्ड. आता तुमची पाळी. 'हिट' म्हणजे आणखी एक पान घेणं, 'स्टँड' म्हणजे थांबणं. 'डबल' म्हणजे पैज दुप्पट करून फक्त एकच पान घेणं. दोन्ही पानं सारखी आली तर 'स्प्लिट', म्हणजे तेवढीच दुसरी पैज लावून जोडी फोडायची आणि दोन वेगळे डाव खेळायचे. काही ठिकाणी 'सरेंडर'ही असतं: अर्धी पैज सोडायची आणि डावातून बाहेर पडायचं.

बेरीज २१ च्या वर गेली की 'बस्ट'. दोघांची बेरीज सारखी झाली तर 'पुश', पैज जशीच्या तशी परत. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहा किमतीचं पान आलं तर तो 'नॅचरल', म्हणजेच ब्लॅकजॅक. त्याला पारंपरिक नियमाप्रमाणे ३ः२ मिळतात: १०० च्या पैजेवर १५०.

आता 'सॉफ्ट' आणि 'हार्ड'. एक्का आणि ६ म्हणजे १७, पण तो सॉफ्ट १७. पुढचं पान मोठं आलं तरी एक्का १ धरता येतो, बस्ट व्हायची भीती नाही. १० आणि ७ म्हणजे हार्ड १७, इथे माघार नाही. बेरीज एकच, स्थिती दोन. हा फरक लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

डीलरला मात्र स्वतःचं डोकं चालवता येत नाही. १६ किंवा कमी असेल तर पान घ्यायचंच, १७ झाले की थांबायचं. सॉफ्ट १७ वर थांबायचं की नाही हे कॅसिनोगणिक बदलतं. त्यामुळे कुठल्याही पेपरमध्ये हा नियम आधी शोधा.

माझी चूक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी हाच खेळ कोड केला. खेळाडूची पद्धत अगदी सोपी ठेवली: डीलरची नक्कल. तोही १७ पर्यंत पानं घेणार, मग थांबणार. दहा लाख डाव चालवले आणि उत्तर आलं: खेळाडू दर १०० रुपयांमागे साधारण सव्वादोन रुपये फायद्यात!

मी हवेत. ग्राफ काढला, स्लाइड केली आणि ग्रुप मीटिंगमध्ये दाखवली. आमच्या गाइड मॅडमनी शांतपणे एकच गोष्ट करायला सांगितली. "नॅचरलला ३ः२ ऐवजी १ः१ दे आणि परत चालव." चालवलं. उत्तर शून्याला चिकटलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, म्हणजे तुझ्या खेळात डीलर आणि खेळाडू अगदी सारखे आहेत. मग कॅसिनो चालतो कशावर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गातली पोरं बघत होती. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात.

चूक एका ओळीत होती. मी लिहिलं होतं: दोघेही २१ च्या वर गेले तर बरोबरी. घरच्या पत्त्यांची सवय, मला ते न्याय्य वाटलं. पण ब्लॅकजॅकमध्ये खेळाडू आधी खेळतो. तो बस्ट झाला की पैज त्याच क्षणी गेली, डीलर नंतर बस्ट होवो की न होवो. कॅसिनोचा फायदा मुख्यतः या क्रमातच लपलेला आहे.

हिशोब करून बघा. १७ ला थांबणारा डीलर सुमारे २८ टक्के डावांत बस्ट होतो. नक्कल करणारा खेळाडूही तेवढाच. दोघेही बस्ट व्हायची शक्यता ०.२८ × ०.२८, म्हणजे जवळपास ८ टक्के. हे ८ टक्के डाव मी 'पुश' मोजले होते, खरं तर ते खेळाडूने हरलेले डाव होते. उलट बाजूला खेळाडूचा एकच जास्तीचा फायदा: नॅचरलवरची दीडपट. एका कॅटमध्ये नॅचरलची शक्यता २ × (४/५२) × (१६/५१), म्हणजे ४.८ टक्के. डीलरलाही नॅचरल आला ते डाव वजा करा, आणि जास्तीची अर्धी पैज धरा: सुमारे २.३ टक्के. म्हणजे ८ वजा २.३. नक्कल करणारा खेळाडू साडेपाच टक्क्यांच्या आसपास तोट्यात असतो. माझे ते सव्वादोन रुपये कुठून आले होते, तेही आता तुम्हाला दिसत असेल.

कोड बरोबर चालत होता, एकही एरर नव्हता. फक्त मी वेगळाच खेळ सोडवला होता.

हाच खेळ संशोधनात

१९५६ मध्ये रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायसेल आणि जेम्स मॅकडरमॉट या अमेरिकन सैन्यातल्या चौघांनी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये या खेळाची उत्तम खेळी मांडली. तीसुद्धा टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून! प्रत्येक बेरीज आणि प्रत्येक अपकार्ड यांच्या जोडीला काय करायचं, याचा तक्ता. आज त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. उदाहरणार्थ, हार्ड १६ आणि डीलरचा ६ असेल तर थांबा, कारण ६ वर डीलरच बस्ट व्हायची शक्यता मोठी असते. नेहमीच्या नियमांत असं खेळलं तर तोटा साडेपाचवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. शून्य होत नाही, हे लक्षात घ्या.

त्यांचं गृहीतक होतं की प्रत्येक डाव पूर्ण कॅटमधून वाटला जातो. एडवर्ड थॉर्प यांनी नेमकं याच गृहीतकावर बोट ठेवलं. वाटलेली पानं पुढच्या डावात लगेच परत येत नाहीत, मग उरलेल्या पानांप्रमाणे शक्यता बदलायला हवी. एमआयटीतल्या आयबीएम ७०४ वर त्यांनी गणित केलं आणि १९६१ मध्ये पेपर आला. १९६२ च्या 'बीट द डीलर' या पुस्तकाने पानं मोजण्याची कल्पना जगभर पोचवली. कॅसिनोंनी काय केलं? एकाऐवजी अनेक कॅट एकत्र करून वाटायला सुरुवात केली, पानं लवकर पिसू लागले. काही टेबलांवर नॅचरलला ३ः२ ऐवजी ६ः५ देतात. वाचायला किरकोळ वाटतं, पण त्या एका बदलाने खेळाडूचा तोटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो.

मशीन लर्निंगमध्ये जाणाऱ्यांना हा खेळ सटन आणि बार्टो यांच्या रीइन्फोर्समेंट लर्निंगच्या पुस्तकात भेटेल. तिथे स्थिती तीन गोष्टींनी ठरते: तुमची बेरीज १२ ते २१, डीलरचं अपकार्ड एक्का ते १०, आणि वापरता येण्याजोगा एक्का आहे की नाही. १० × १० × २, एकूण २०० स्थिती. बेरीज १२ पासूनच का? कारण ११ किंवा कमी असताना बस्ट होताच येत नाही, तेव्हा पान घ्यायचंच. आणि तो तिसरा घटक म्हणजे आपला सॉफ्ट-हार्डचा फरक! टेबलावरच्या लोकांनी जो शब्द केला होता, तोच गणितात एक चल होऊन बसला.

तुमच्यासाठी काम

कोड उघडण्याआधी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा. कोण आधी खेळतं? डाव नेमका कधी संपतो? बरोबरी कशाला म्हणायचं? वापरलेली पानं परत येतात का? मग एक अशी चाचणी शोधा जिचं उत्तर तुम्हाला प्रोग्राम न चालवता माहीत आहे, जशी मॅडमची १ः१ वाली.

सरावाला एक उदाहरण देते. डीलरचं अपकार्ड एक्का असेल तर 'इन्शुरन्स' नावाची वेगळी पैज घेता येते. होल कार्ड दहा किमतीचं निघालं तर तिच्यावर २ः१ मिळतात. एकच कॅट आहे आणि तुम्हाला फक्त तो एक्का दिसतोय असं धरा. उरली ५१ पानं, त्यात दहाची १६. पैज घ्यावी का? कागदावर सोडवा. उत्तर उणे ३/५१ आलं तर तुमची सुरुवात बरोबर आहे. मग स्वतःची दोन पानं कॅटमधून वजा करून परत मांडा आणि उत्तर कुठल्या पानांमुळे कुठल्या दिशेला सरकतं ते बघा. थॉर्प यांची कल्पना तिथेच तुमच्या हाती लागेल.