पाणी लहान होत नाही

बेल्ह्याला अजून आगगाडी आलेली नाही. सोमवारचा बैलबाजार आहे, कल्याण-नगर महामार्ग आहे, पूर्वेला आणे पठार आहे, पण अख्ख्या जुन्नर तालुक्यात रूळ नाहीत. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षं चालली, आणि तो मार्ग तालुक्यातून जाणार असं वाटत असतानाच खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा प्रश्न आडवा आला. विजेवरच्या गाड्यांनी दूरच्या दीर्घिकांचे क्षीण संदेश बिघडतील, म्हणून मार्ग दुसरीकडून न्यायचं ठरलं. बेल्हे स्टेशन पाहायचं असेल तर तूर्त ते प्लायवूडवर बांधणं एवढाच मार्ग उरतो.

छोट्या रेल्वेचा छंद आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे आणि शाळांच्या सहली तिथे नेमाने येतात. या छंदात जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण ‘एचओ’, म्हणजे सत्त्याऐंशीस एक. या प्रमाणात सव्वाएकवीस मीटरचा जुना निळा डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो आणि सहा मीटरची बाभूळ बोटभर उरते. जीएमआरटीची ४५ मीटर व्यासाची एकच तबकडी ठेवायची म्हटली तरी ती ५२ सेंटिमीटर जागा खाईल. अशा तीस आहेत, त्यामुळे तो मोह टाळलेला बरा. डबे, घरं, डोंगर, माणसं, बैल, सगळं मुकाट्याने लहान होतं. लहान व्हायला नकार देतं ते पाणी.

नवख्या माणसाला पहिल्यांदा सुचतं ते खरं पाणी ओतणं. ओतून पाहिलं की खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते पटकन सांगता येत नाही. खटकण्याचं कारण पृष्ठताणात आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, आणि साधारण पावणेतीन मिलिमीटरच्या आतल्या जगात ही ओढ गुरुत्वाकर्षणाला भारी पडते. एचओच्या जगात पावणेतीन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाऊण फूट. त्यामुळे काठाशी पाणी वर चढून जी गोलसर कड धरतं, ती छोट्या माणसाच्या पोटरीपर्यंत येते. झाडावरून पडलेला साधा थेंब त्याच्या डोक्याहून मोठा दिसतो. लाटांचंही तसंच. पाण्यावर पावणेदोन सेंटिमीटरहून आखूड लाट उठली की तिला गुरुत्वाकर्षण नव्हे, पृष्ठताण चालवतो. म्हणजे दीड मीटरपर्यंतच्या सगळ्या लाटा लेआउटवर, प्लायवूडवर मांडलेल्या या देखाव्यावर, चुकीच्या वागतात: त्या भर्रकन पळतात आणि थरथरून विझतात.

वेगाचा हिशेब तर आणखी अवघड आहे. गाडीचा वेग आपण नियंत्रकाची कळ फिरवून कमी करू शकतो. ताशी शंभर किलोमीटरची गाडी लेआउटवर सेकंदाला ३२ सेंटिमीटर चालवली की झालं. पडत्या पाण्याला अशी कळ नाही. माळशेजला ८७ मीटरचा कडा आहे असं धरू. वाऱ्याचा विरोध सोडला तर त्यावरून पाणी खाली यायला सव्वाचार सेकंद लागतील. तोच कडा एक मीटरचा केला की पाणी अर्ध्या सेकंदाच्या आत तळाला. लांबी ८७ पट घटते, पण पडण्याचा वेळ ८७च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे सव्वानऊ पटच घटतो. नजरेला भव्य वाटतो तो पडण्याचा संथपणा, आणि तोच इथे हरवतो. सिनेमावाले छोट्या धरणफुटीचं चित्रण कितीतरी जास्त वेगाने करून मग सावकाश दाखवतात, ते याचसाठी. लेआउटसमोर उभ्या असलेल्या पाहुण्याचे डोळे मात्र सावकाश करता येत नाहीत.

नाणेघाटात पावसाळ्यात दरीतून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो. ते दृश्य पंखा लावून साधेल असं कुणाला वाटत असेल, तर दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब ८७ पट लहान करून पाहावा. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपासचा, म्हणजे धुक्याच्या कणाएवढा तुषार उरतो. तो पडत नाही, तरंगत राहतो.

गंमत म्हणजे खरं पाणी लहान करण्याचं शास्त्र कोथरूडहून फार दूर नाही. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ साली सुरू झालं. धरणांचे सांडवे, बंदरं, खाड्या, नद्यांची वळणं यांच्या प्रतिकृती बांधून त्यांत खरं पाणी सोडायचं आणि काय होतं ते मोजायचं, हे तिथलं काम. पायाभूत नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचा. त्याने १८७०च्या दशकात जहाजांच्या लहान प्रतिकृती टाकीत ओढून तो पक्का केला. लांबी शंभरपट घटवली तर काळ दहापट घटतो, त्यामुळे साडेबारा तासांचं भरती-ओहोटीचं चक्र सव्वा तासात उरकतं. आणि नदीची रुंदी फार घटवावी लागली तर अभियंते खोली तेवढी घटवत नाहीत. दोन मीटर खोल पाणी चारशेपट लहान केलं तर पाच मिलिमीटरचा थर उरेल, आणि तिथे पुन्हा पृष्ठताणाचं राज्य. म्हणून अशा प्रतिकृतीत नदी मुद्दाम जास्त खोल ठेवतात. ती दिसायला खोटी असते, पण वागायला खरी. छंदवाल्याला नेमकं उलटं हवं: वागलं नाही तरी चालेल, दिसलं पाहिजे.

हॅम्बुर्गच्या ‘मिनिआटूर वंडरलँड’ने मात्र हट्टाने आपल्या स्कँडिनेव्हियाच्या देखाव्यात सुमारे तीस हजार लिटर खरं पाणी भरलं, त्यात जहाजं सोडली, भरती-ओहोटीसुद्धा केली. हौसेला मोल नाही हे खरं, पण घरच्या लेआउटला ते परवडत नाही. प्लायवूड फुगतं, रूळ गंजतात, पाणी आटलं की क्षारांची पांढरी कड राहते. पुण्यासारख्या शहरात साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस येते, तेव्हा ‘ही कुकडी नदी आहे’ हा खुलासा कोणी ऐकून घेणार नाही.

मग उरतं खोटं पाणी, आणि खोटं पाणी हा सगळा प्रकाशाचा मामला आहे. पाण्याकडे अगदी वरून पाहिलं तर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के परावर्तित होतो आणि तळ दिसतो. नजर पृष्ठभागाला दहा अंशांइतकी जवळ आणली की पस्तीस टक्के, पाच अंशांवर निम्म्याहून जास्त. नदीकाठी उभं राहून दूरवरचं पाणी पाहताना आपण मुख्यतः आकाश पाहत असतो. लेआउट छातीच्या उंचीवर असेल तर नदीच्या तळाशी रंगवलेले मासे, गोटे, शेवाळ यांवर घेतलेली मेहनत बरीचशी वाया जाते. तिथे चकाकता पृष्ठभाग आणि मागच्या पडद्यावरचं आभाळच काम करतं. टेबलाइतक्या खाली असेल, तर तळ रंगवायलाच हवा.

यानंतर विचारायचा प्रश्न हा, की आपल्या पाण्यातून किती खोलवर दिसतं? छंदाची बहुतेक पुस्तकं आणि चित्रफिती युरोप-अमेरिकेच्या. तिथले निळे, काचेसारखे नितळ ओढे पाहून आपली मंडळी निळा रंग आणतात आणि बेल्ह्याच्या शिवारात आल्प्सचं तळं अवतरतं. आषाढात सह्याद्रीवरून उतरलेली कुकडी कोऱ्या चहाच्या रंगाची असते. त्या पाण्यात समजा पाच सेंटिमीटर आत दिसतं. एचओत ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त. म्हणजे पुराच्या नदीला पारदर्शक द्रव ओतायची गरजच नाही! पीओपीचा सपाट थर, त्यावर पातळ फेव्हिकॉलने चिकटवून चुरगाळलेला टिश्यू पेपर, तांबूस तपकिरी रंग आणि वर चकचकीत वार्निशचे दोन-तीन हात. एवढ्यात नदी वाहू लागते, खर्चही किरकोळ.

पिंपळगाव जोगे धरणाच्या कालव्याला आवर्तन सुटतं, ते पाणी बरंच निवळलेलं आणि हिरवट असतं. शेततळ्यात तर रंग पाण्याचा कमी आणि खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकचा जास्त. खरोखर खोल, पारदर्शक रेझिन ओतावं असं ठिकाण या परिसरात शोधायचं तर मी खाली निघोजला जाईन. कुकडीच्या पात्रात पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडांनी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे तिथे आहेत. पूर ओसरल्यावर त्यांत साचलेलं पाणी, वर कातळाची सावली, आणि दोन मीटरचा खळगा लेआउटवर सव्वादोन सेंटिमीटरचा. पारदर्शक खोलीचं चीज होतं ते इथे.

रेझिनचे स्वभाव आधी समजून घ्यावे लागतात. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर मिसळले की रासायनिक क्रियेतून उष्णता निघते. थर जाड असला तर ती बाहेर पडू शकत नाही, तापमान वाढतं, क्रिया आणखी वेग घेते. मग पिवळेपणा येतो, तडे जातात, खालचा थर्माकोल खचतो. म्हणून काही मिलिमीटरचा एक थर, तो बसला की पुढचा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, तेव्हा थर्माकोलच्या डोंगराजवळ ते आणूच नये. ओतण्याआधी तळाची बारीकसारीक भोकं बुजवावीत. रेझिनला सुईएवढी वाट पुरते. हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. इपॉक्सीची त्वचेला ॲलर्जी झाली तर ती सहसा आयुष्यभर सोडत नाही.

पांढऱ्या रंगाबाबत बहुतेकांचा हात सुटतो. फेस पांढरा दिसतो तो पाण्यात अडकलेल्या असंख्य बुडबुड्यांवरून सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून. जिथे पाण्यात हवा मिसळते, म्हणजे बंधाऱ्याच्या सांडव्याखाली, पुलाच्या खांबाच्या पुढच्या अंगाला, दगडाला आपटून उसळतं तिथे, तेवढ्यातच पांढरा हवा. बाकी प्रवाहावर ब्रश फिरवायचा नाही. धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉनचे धागे प्लॅस्टिकवर ओढून वाळवतात. ते जमेल तितके बारीक ठेवावेत.

माझं मत विचाराल तर बेल्हे स्टेशन चैत्रातलं करावं. पुलाखाली कोरडा ओढा, उघडी वाळू, बंधाऱ्याच्या पायथ्याशी हिरवं डबकं. ते थेंबभर वार्निशमध्ये होतं आणि जुन्नरच्या पूर्व भागाशी इमानही राखतं. वाहतं पाणी हवंच असेल त्यांनी रेझिनचा डबा दिवाळीपर्यंत फोडू नये. दमट हवेत इपॉक्सीच्या हार्डनरमधली अमाइन्स हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात, आणि पृष्ठभागावर तेलकट, ढगाळ साय धरते. पावसाळ्यात फक्त काठावर जाऊन फोटो काढावेत, तेही पुलावरून नव्हे, पाण्याच्या पातळीला कॅमेरा धरून.