कन्सोल माळ्यावर टाकण्याआधी

क्लाउड गेमिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कन्सोलचं मरण अधूनमधून जाहीर होत असतं. २०१० मध्ये अमेरिकेत ऑनलाइव्ह ही क्लाउड गेमिंग सेवा सुरू झाली तेव्हा झालं, २०१९ मध्ये गूगलने स्टेडिया ही तशीच सेवा आणली तेव्हा पुन्हा झालं. ऑनलाइव्हने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला, स्टेडियाने जानेवारी २०२३ मध्ये. कन्सोल मात्र खपतच राहिले. निन्टेन्डोचा स्विच २ जून २०२५ मध्ये आला आणि पहिल्या चारच दिवसांत ३५ लाखांहून अधिक विकला गेला.

म्हणून क्लाउड गेमिंग फसलं असंही नाही. एक्सबॉक्स, एनव्हिडिया, सोनी, ॲमेझॉन यांच्या सेवा सुरू आहेत. २०२५ च्या अखेरीस एक्सबॉक्सची सेवा भारतातही आली. रचना सोपी आहे. गेम दूरच्या डेटा सेंटरमधल्या यंत्रावर चालतो, त्याचं चित्र व्हिडिओ होऊन आपल्या पडद्यावर येतं आणि आपण दाबलेलं बटण इंटरनेटवरून तिकडे जातं. गैरसमज मात्र दोन्ही बाजूंनी आहेत.

गैरसमज १ : घरात शंभर एमबीपीएसचं फायबर आहे, म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० फ्रेमनी पाहायला एनव्हिडिया २५ एमबीपीएस पुरेसे मानते. अडतं ते बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतच्या वेळेवर. डेटा सेंटरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, ८० मिलिसेकंदांच्या आत हवा, शक्यतो ४० च्या आत, अशी याच कंपनीची अट आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नागपूरच्या खेळाडूचा सर्व्हर केबलच्या वाटेने हजार किलोमीटरवर, मुंबईच्या बाजूला असेल, तर नुसत्या जाण्यायेण्याचे १० मिलिसेकंद झाले. कितीही महाग प्लॅन घेतला तरी ते कमी होत नाहीत. वर राउटर, वाटेतली नेटवर्क्स आणि व्हिडिओ बांधण्या-उलगडण्याचा वेळ. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात, हे लक्षात घेतलं की या हिशेबाचं महत्त्व कळतं. अनेकदा खरा दोषी घरातच असतो. शेजारपाजारच्या राउटरांनी गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर पिंग क्षणात २० आणि क्षणात १५० होतो. सारखा बदलणारा हा विलंब स्थिर विलंबापेक्षा जास्त छळतो.

गैरसमज २ : नेटफ्लिक्स न अडखळता चालतं, मग गेम का अडखळेल?

वस्तुस्थिती : सिनेमाचं ताट आधी वाढून ठेवता येतं, गेममध्ये घास मागितल्यावरच शिजवावा लागतो. नेटफ्लिक्स पुढचे कित्येक सेकंद आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे मधे नेट दोन सेकंद गेलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. गेममधली पुढची फ्रेम तुम्ही डावीकडे वळता की उजवीकडे यावर ठरते. ती आधी तयार नसते, साठवता येत नाही. आणि व्हिडिओ घाईत दाबून पाठवावा लागत असल्याने अंधाऱ्या प्रसंगांत किंवा पाऊस, गवत अशा बारीक हालचालींत चित्र पुसट होतं. त्याच गेमचं कन्सोलवरचं चित्र तिथे स्वच्छ दिसतं.

गैरसमज ३ : लॅग, म्हणजे विलंब, असणारच, त्यामुळे क्लाउडवर खेळण्यात अर्थ नाही.

वस्तुस्थिती : लॅग कन्सोलवरही असतो. गेमची स्वतःची गणितं, कंट्रोलर, टीव्ही यांत बरेच मिलिसेकंद जातातच; टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर आणखी. प्रश्न गेमच्या जातीचा आहे. आळीपाळीने डाव खेळायचे गेम, कोडी, कथाप्रधान साहसं क्लाउडवर मजेत खेळता येतात. फायटिंग गेम किंवा स्पर्धेतल्या नेमबाजीत मात्र फरक लगेच हाताला जाणवतो. दुबळ्या यंत्राला क्लाउडने हात दिल्याची उदाहरणंही आहेत. २०१८ मध्ये जपानमध्ये रेसिडेंट ईव्हल ७ स्विचवर आला तो क्लाउडवरूनच, आणि २०१३ च्या एक्सबॉक्स वनवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२२ पासून खेळता येऊ लागला तोही तसाच.

गैरसमज ४ : यंत्र विकत घ्यायचं नाही, म्हणजे पैसे वाचले.

वस्तुस्थिती : खर्च वाचत नाही, त्याचं भाडं होतं. आणि भाडं वाढतं. एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेटचा अमेरिकेतला मासिक दर ऑक्टोबर २०२५ मध्ये २० डॉलरवरून ३० डॉलरच्या घरात गेला. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊमध्ये बहुतेक मोठे गेम आपले आपण वेगळे विकत घ्यायचे असतात, शिवाय २०२५ मध्ये नव्या सदस्यांना महिन्याला १०० तासांची मर्यादा लागू झाली. डेटाचाही हिशेब करा. २५ एमबीपीएसने तासाला सुमारे ११ जीबी जातात. फायबरवर ते पेलतं. रोज दोन जीबी देणारा मोबाइल प्लॅन अकरा मिनिटांत संपतो. वर्षातून दोन-चार महिनेच खेळणाऱ्याला भाडं परवडतं. रोज खेळणाऱ्याने पाच वर्षांची बेरीज मांडून पाहावी.

गैरसमज ५ : स्टेडिया तंत्रज्ञानामुळे बुडालं.

वस्तुस्थिती : चांगल्या जोडणीवर स्टेडिया व्यवस्थित चालत होतं. गूगलने ते बंद करताना कारण दिलं ते अपेक्षेइतके खेळाडू न मिळाल्याचं. अडचण व्यवहाराची होती. गेम पूर्ण किमतीला घ्यायचा आणि तो फक्त स्टेडियावर चालणार. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने स्वतःचे गेम स्टुडिओही बंद करायला घेतले. सेवा गुंडाळताना पैसे परत मिळाले ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. प्रत्येक कंपनी तसं करेलच असं नाही.

गैरसमज ६ : कन्सोलवर घेतलेला गेम मात्र कायमचा आपला.

वस्तुस्थिती : हेही अर्धसत्यच. युबिसॉफ्टचा द क्रू २०१४ मध्ये डिस्कवर विकला गेला, पण ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्क हातात असूनही गेम चालेना. डिजिटल खरेदीत आपल्याला मिळतो तो परवाना. २०२४ च्या पीएस५ प्रोमध्ये तर डिस्क ड्राइव्हच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. तरी उतरवून घेतलेला ऑफलाइन गेम इंटरनेट गेल्यावरही चालतो. क्लाउडवर ती सोय नाही.

मग क्लाउड कन्सोलची जागा घेईल का? काही खेळाडूंपुरती आजच घेतली आहे. सगळ्यांसाठी घेईल असं दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट आणि सोनी दोघंही कन्सोल विकतात आणि क्लाउड आपापल्या सबस्क्रिप्शनमध्ये जोडून देतात, यातच त्यांचा अंदाज कळतो.

ठरवायचं असेल तर जाहिरातीपेक्षा आपल्या घरची संध्याकाळ पाहा. रात्री नऊच्या सुमारास, सगळी इमारत नेटवर असताना, राउटरला लॅन केबल लावून किंवा निदान ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर एक महिन्याचं सबस्क्रिप्शन वापरून बघा, आणि तेही तुमच्या आवडीच्या गेमवर. महिनाभर चिडचिड न होता खेळता आलं, तर कन्सोलचे पैसे वाचवा. नाहीतर कन्सोलच घ्या, आणि क्लाउड प्रवासापुरता ठेवा.