आम्ही कधी रिटायर होणार?



मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक होती आणि त्याच दिवशी शाळेत गुरुजींचा निरोप समारंभ होता. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं, सगळं झालं. तिथून उठून बायका थेट बैठकीला आल्या. बचत जमा झाली, इतिवृत्त लिहून झालं आणि एक काकू हसत हसत मला म्हणाल्या, "काय गं मॅडम, गुरुजी रिटायर झाले. आम्ही कधी होणार?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण उत्तर मात्र मला देता आलं नाही.

माझं वय सत्तावीस. एमएसडब्ल्यू करून मी या कामाला लागले. पन्नाशी-साठीच्या बायकांना म्हातारपण कसं जगायचं हे सांगणारी मी कोण, असं तुम्हाला वाटेल आणि ते खरंच आहे. संसार कसा करायचा हे मी तुमच्याकडूनच शिकते आहे. पण तहसील, बँक, दवाखाना इथल्या चकरा मी तुमच्याबरोबर मारल्या आहेत. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गुरुजींच्या रिटायरमेंटची तयारी नोकरी लागली त्या दिवसापासून त्यांचं ऑफिस करत होतं. आपली तयारी करणारं ऑफिस नाही. ती आपल्यालाच करायची आहे, आणि साठी उलटल्यावर नाही, त्याच्या आधी. पंचेचाळीस ते साठ ही त्याची वर्षं.

तर या लेखात चार गोष्टी बघू: वय, नाव, पैसा आणि अंग.

पहिली गोष्ट: कागदावरचं वय

आपल्या एका काकूंची हकिगत सांगते. नाव लिहीत नाही. त्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायला गेल्या. या योजनेला वय ६५ पूर्ण लागतं. खिडकीवरच्या माणसाने आधारकार्ड बघितलं. त्यावर १ जानेवारी १९६४. "अजून वय नाही झालं तुमचं," असं म्हणून त्यांना परत पाठवलं.

काकू माझ्याकडे आल्या. मी विचारलं, "काकू, तुमचा जन्म कधीचा?" त्या म्हणाल्या, "साल कुणाला ठाऊक! पण बहात्तरच्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांची होते. आईसंगं खडी फोडायला जायचे. सुकडी खाल्लीय आम्ही."

मी वहीवर हिशेब मांडला. १९७२ साली बारा-तेरा, म्हणजे जन्म १९५९-६० च्या आसपास. म्हणजे आज ६५ पूर्ण. मग आधारवर १९६४ आलं कुठून? आधार काढताना ऑपरेटरने विचारलं, "आजी, वय किती?" काकूंनी अंदाजे सांगितलं. त्याने त्यावरून साल टाकलं आणि तारीख लागली १ जानेवारी. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या आधारवर १ जानेवारीच आहे. आत्ता उठून बघा.

काकू म्हणाल्या, "मी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते माहेरी." आम्ही त्यांच्या माहेरच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं. पिवळी पानं, शाई फिकी झालेली. त्यात काकूंचं माहेरचं नाव सापडलं आणि पुढे जन्मतारीख होती १ जून १९५९. त्या नावावर बोट ठेवून काकू बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

आता हिशेब करा. १ जून १९५९ आणि १ जानेवारी १९६४ यात चार वर्षं सात महिन्यांचं अंतर आहे, म्हणजे ५५ महिने. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये धरले तर ८२,५०० रुपये. काकूंना दुसरी कुठलीही योजना चालू नव्हती. एका चुकीच्या तारखेची ही किंमत आहे.

म्हणून तुम्ही काय करायचं?

आधार, रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र आणि बँक पासबुक एका जागी ठेवा. चारही कागदांवर वय आणि नाव जुळतं का ते बघा. वाचता येत नसेल तर सुनेला किंवा नातीला वाचायला सांगा.

वय चुकलं असेल तर पुरावा शोधा. एक-दोन यत्ता शिकला असाल तरी माहेरच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मिळू शकतो. माहेरच्या ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत नाव आहे का तेही बघा. यातलं काहीच नसेल तर श्रावणबाळसाठी रेशनकार्डावरच्या किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा चालतो, नाहीतर सरकारी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला.

आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. त्यामुळे घाईने अंदाजे तारीख देऊ नका. आधी पुरावा हातात घ्या, मगच केंद्रावर जा. आणि खरं वय असेल तेच लावा. पैसे मिळावेत म्हणून वय वाढवून घेणं हा गुन्हा आहे, आणि त्याचा त्रास पुढे आपल्यालाच होतो.

दुसरी गोष्ट: नाव

माहेरचं एक नाव आणि सासरचं दुसरं. आधारवर "शांताबाई" आणि पासबुकात "शांता". ऑफिसच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. हे आत्ताच एकसारखं करून घ्या.

पण नावाचा मोठा प्रश्न वेगळा आहे. घर कुणाच्या नावावर? शेत कुणाच्या नावावर? बैठकीत हे विचारलं की तुम्ही म्हणता, "नवऱ्याचं ते माझंच की." नवरा आहे तोवर बहुतेक घरांत हे चालून जातं. नंतर काय होतं ते आपण सगळ्यांनी गावात बघितलं आहे.

घराच्या उताऱ्यावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. ग्रामसेवकांकडे अर्ज द्यायचा.

शेताला लक्ष्मीमुक्ती योजना आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. बायको जन्मभर राबते तर जमिनीवर तिचंही नाव हवं, हा त्यामागचा विचार. पुढे १९९२ साली सरकारनेही त्याचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतःहून अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. यात सही नवऱ्याची लागते, म्हणजे हा विषय घरी काढावा लागणार. भांडण करून नाही, जेवताना सहज काढा.

नवरा वारला आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने त्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि सासू हयात असेल तर सासू, सगळ्यांचा सारखा वाटा असतो. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा. तेव्हा घरात दुःख असतं, कागदाकडे बघायला मन होत नाही, हे मला कळतं. पण त्याच दिवसांत कुणीतरी "इथं अंगठा कर" म्हणतं. वाचून घेतल्याशिवाय अंगठा करू नका. तो कागद हक्कसोडपत्राचा असू शकतो.

आता सगळ्यात नाजूक विषय. हयातीतच सगळं मुलाच्या नावावर करून द्यायचं का? बक्षीसपत्र केलं की मालमत्ता त्याच दिवशी हातातून जाते. मृत्युपत्राचं तसं नाही. आपण आहोत तोवर सगळं आपलंच राहतं आणि मन बदललं तर मृत्युपत्रही बदलता येतं. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं. मुलगा चांगलाच असेल, तर त्याला थांबायला काय हरकत आहे?

बक्षीसपत्र करायचंच असेल तर "हा मला सांभाळील" ही अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, अशी अट पाळली नाही तर प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते रद्द करून मागता येतं. मुलं सांभाळत नसतील तर तिथेच पोटगीचाही अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. तो घरात भिंतीवर लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट: पैसा

सध्या ज्यांना लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये येतात त्यांनी हे लक्षात ठेवा: ती योजना ६५ वर्षांपर्यंतच आहे. ६५ झाल्यावर श्रावणबाळ आपोआप सुरू होत नाही. वेगळा अर्ज करावा लागतो, तहसीलमध्ये संजय गांधी शाखेत. त्याला वयाचा पुरावा, वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणि रहिवासी दाखला लागतो. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. ६५ पूर्ण होण्याच्या तीन-चार महिने आधी कागद जमवायला लागा. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात.

६५ च्या आतल्या विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता बायकांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून कितीतरी जणी अर्ज करत नाहीत. ही भीक नाही, हक्क आहे.

अटल पेन्शन योजनेत चाळिशीनंतर जाता येत नाही. तुमची वेळ गेली असेल, पण सुनेची गेलेली नाही. साठीनंतर महिन्याला १,००० रुपये पेन्शन हवी असेल तर अठराव्या वर्षी हप्ता ४२ रुपये आहे आणि तिसाव्या वर्षी ११६ रुपये. जितका उशीर तितका हप्ता जास्त. घरी जाऊन सुनेचं वय विचारा.

आपल्यासाठी काय? पोस्टाचं आवर्ती खातं महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येतं. शेळी विकली, कोंबड्यांचे पैसे आले, त्यातले थोडे तिकडे टाका. महिन्याला २०० टाकले तर दहा वर्षांत मुद्दल २४,००० होतं, वर व्याज. रक्कम मोठी नाही. पण डोळ्याचं ऑपरेशन असो की लेकीच्या घरी जायचं असो, कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

अपघात विम्याचे वर्षाला २० रुपये जातात, तो ७० वर्षांपर्यंत आहे. जीवन विम्याचे ४३६ रुपये जातात. त्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं आणि तो ५५ पर्यंत चालतो. दोन्हींत विमा दोन लाखांचा. मे महिन्यात हे पैसे खात्यातून कापले जातात, तेव्हा खातं रिकामं ठेवू नका. बँक सखीला विचारून वारसदाराचं नावही बघून घ्या. जुन्या खात्यांवर कधी कधी वारलेल्या सासूबाईंचंच नाव असतं.

चौथी गोष्ट: अंग

गुडघे दुखतात, कंबर धरते, रात्री घाम फुटतो, चिडचिड होते. पाळी जायच्या दिवसांत हे होतं. वेड लागलं नाही, करणीही नाही. घरात सांगा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, अगदी एकदाच गेलं, तरी दवाखान्यात दाखवायचंच. त्याला "उष्णता" म्हणून सोडायचं नाही. कधी कधी ती कॅन्सरची पहिली खूण असते, आणि वेळेवर कळलं तर उपचार होतो. उलट, साध्या तक्रारीवर कुणी लगेच "पिशवी काढून टाका" म्हटलं तर आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, यांची तपासणी मोफत असते. मिश्री लावणाऱ्यांनी तोंडाची तपासणी नक्की करून घ्या.

जेवणाचं काय सांगू, तुम्हाला सगळं माहीत आहे. फक्त सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं बंद करा. हाडांसाठी तीळ, नाचणी, ताक, पालेभाजी खा. सकाळचं ऊन घ्या. आणि दवाखान्याच्या खर्चाला घाबरून दुखणं अंगावर काढू नका. महात्मा फुले आणि आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

पुढच्या बैठकीत

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवावा, अशी माझी विनंती आहे. सगळ्यांनी आपापले कागद पिशवीत घेऊन यायचं. सचिव ताईंनी वहीत चार रकाने आखायचे: वय जुळतं का, नाव जुळतं का, घराच्या उताऱ्यावर नाव आहे का, तपासणी झाली का. जिथे "नाही" येईल तिथे सीआरपी ताई पाठपुरावा करतील. पंचेचाळिशीच्या पुढच्यांपासून सुरुवात करू.

त्या काकूंचं आधार आता दुरुस्त झालं आहे आणि अर्ज तहसीलमध्ये दिला आहे. परवा बैठकीत त्या मला म्हणाल्या, "पैसे येतील तेव्हा येतील. पण माझा जन्म कधीचा, ते तरी मला कळलं."

काकू, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता देते. आपल्याला कुणी शाल-श्रीफळ देऊन रिटायर करणार नाही. हात चालतील तोवर आपण काम करणार. पण ते गरजेपोटी करायचं की आवडीने, हे ठरवण्याइतकी तयारी मात्र आजपासून करता येते.

पुढच्या बैठकीला पिशवी विसरू नका.

— तुमची क्षेत्र समन्वयक