देवगाव फाट्यावर मिळतो मोबाईलच्या हयातीचा दाखला

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे शेंबडं पोरही ठसक्यात सांगतं. आता तिच्या जोडीला एक गोष्ट आणखी सांगू? कोणता मोबाईल खरोखर लोकांच्या खिशात आहे हे बघायचं असेल, तर जिंतूर-जालना रस्त्यावरच्या आमच्या देवगाव फाट्यावर उतरा. सेलूकडे वळायचं ते इथूनच. एसटीची वाट बघणारी कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेले शेतकरी, माहेराहून परतणाऱ्या लेकीबाळी, सगळे इथं दहा-पंधरा मिनिटं थांबतात. तेवढ्यात कोणाच्या चार्जरची वायर तुटलेली असते, कोणाची काच तडकलेली असते. अशा फाट्यावरचं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान म्हणजे उघडी वहीच! वाचायला शिकलं की झालं.

विक्री म्हणजे जन्म, कव्हर म्हणजे हयात

कोणत्या कंपनीचे किती फोन खपले याचे आकडे दर तिमाहीला छापून येतात. त्यातले बरेचसे आकडे कंपनीकडून बाजारात किती फोन रवाना झाले, हे मोजतात. पुढं त्या फोनचं काय झालं? थोरल्यानं वर्षभर वापरून धाकट्याला दिला, धाकट्याकडून आईकडे आला, की विहिरीत पडला? ते त्या आकड्यांत नसतं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो ना, तसा फोनचाही दाखला असतो. तो म्हणजे कव्हर, काच, चार्जर आणि बॅटरी. बंद पडलेल्या फोनला कोणी कव्हर घेत नाही. चार वर्षांच्या जुन्या फोनला नवी काच बसते तेव्हा समजावं, गडी अजून कामावर आहे!

भिंतीवरची जनगणना

दुकानात शिरल्यावर आधी हुकांकडे बघा. हात सहज पोचतो तिथं सगळ्यात जास्त मागणीच्या मॉडेलची कव्हरं. स्टुलावर चढून काढावी लागतात ती अधूनमधून जाणारी. आणि खाली खोक्यात ‘कोणतंही घ्या’ म्हणून टाकलेली, त्या मॉडेलांचे दिवस भरत आलेले. ही मांडणी दुकानदारानं स्वतःचे पैसे गुंतवून केलेली असते. चुकीच्या मॉडेलची पन्नास कव्हरं आणली तर ती वर्षभर धूळ खातात, म्हणून तो गिऱ्हाईकांचे हात रोज बारकाईनं बघतो. आणि या भिंतीवर फुकट आलेला, जुना घेतलेला, घरात वारशानं मिळालेला, असा प्रत्येकच फोन मोजला जातो.

कव्हरवरची चित्रं हा तर वेगळाच खजिना. शिवराय, बाबासाहेब, विठोबा, ट्रॅक्टर, आणि ऑर्डर देऊन छापून घेतलेला बाळाचा फोटो. फोन परदेशी आराखड्याचा असेल, पाठ मात्र आपली!

एक काच, दहा फोन

आता या मोजणीतली एक मेख. टेम्पर्ड ग्लासचं पाकीट उलटं करून बघा. मागं बारीक अक्षरांत मॉडेलांची यादीच छापलेली असते. आकार आणि कॅमेऱ्याची जागा जुळली की एकच काच वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनांना बसते. कोणती काच कशाला चालते, हे मुरलेल्या दुकानदाराला तोंडपाठ असतं. म्हणून मॉडेल ओळखायचं असेल तर कव्हर बघावं, कारण कॅमेऱ्याचं भोक जरा जरी सरकलं तरी ते बसत नाही. आणि एकूण किती टच मोबाईल फिरताहेत याचा अदमास घ्यायचा असेल तर काचा बघाव्यात.

काच बसवताना एकदा लक्ष देऊन पाहाच. पोरगा आधी ओल्या पुडीनं स्क्रीन पुसतो, मग कोरड्या पुडीनं. नंतर निळ्या चिकटपट्टीनं धुळीचा एकेक कण टिपून घेतो. श्वास रोखून काच वर धरतो, वरची कड जुळवतो आणि सोडून देतो. मधोमध बोट टेकवलं की काच पाण्यासारखी पसरत कडेपर्यंत जाते. एखादा बुडबुडा राहिला तर तो नखानं हलकेच बाहेर ढकलायचा. समोरच्या रस्त्यावर ट्रकनं धूळ उडवलेली असतानाही हा गडी बिनबुडबुड्याची काच बसवतो, याला कसब म्हणतात!

‘९ एच’ म्हणजे पेन्सिल!

काचेच्या पाकिटावर ‘९ एच’ असं झोकात लिहिलेलं असतं. पुष्कळांना वाटतं की हिऱ्याची कठीणता १०, म्हणजे ही त्याच्या खालोखाल. तसं नाही. ही मोजणी पेन्सिलच्या शिशाची आहे. ९ एच ही या चाचणीतली सगळ्यात कडक पेन्सिल, आणि तिनं ओरखडा पडत नाही एवढाच त्याचा अर्थ. धुळीतल्या वाळूचा कण मात्र काचेपेक्षा कठीण असतो. खिशात माती आणि मोबाईल एकत्र ठेवले की काचेवर रेघा ठरलेल्याच. आणि सरसकट सगळ्याच काचांना आपण ‘गोरिल्ला’ म्हणतो, पण गोरिल्ला ग्लास हा अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीचा ब्रँड आहे. त्या काचेतले सोडियमचे लहान आयन काढून तिथं पोटॅशियमचे मोठे आयन दाटीनं बसवतात, त्यामुळं पृष्ठभाग घट्ट दाबला जातो आणि काच सहज तडकत नाही.

मेलेल्या फोनचं नाव पिनेला

पिनांचा इतिहास म्हणजे मोबाईलचा इतिहास. आधी नोकियाची मोठी पिन होती, मग बारीक पिन आली. त्यानंतर आलेल्या मायक्रो यूएसबीला दुकानात आजही ‘व्ही-८’ म्हणतात. ते का? २००७ च्या सुमारास आलेल्या मोटोरोलाच्या ‘रेझर-२ व्ही-८’ या फोनला ते तोंड होतं. तो फोन आता कोणाला आठवतही नाही, पण त्याचं नाव फाट्याफाट्यावरच्या वायरीला चिकटून राहिलंय.

पूर्वी पिना बघून लोकांकडे कोणत्या कंपनीचे फोन आहेत ते कळायचं. आता ते दिवस सरत आलेत. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलला टाईप-सी सक्तीचं झालं. ॲपलनं त्याच्या आधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ ला सी पिन दिली. आता वायरीवरून कंपनी ओळखता येत नाही, पण फोनचं वय ओळखता येतं. कोणी ‘व्ही-८’ मागितली की समजायचं, फोन जुना आहे आणि मालकाचा त्याच्यावर जीव आहे.

डब्यातला चार्जर कुठं गेला?

ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ आला तो चार्जरशिवाय. नंतर सॅमसंगनंही आपल्या महागड्या फोनांच्या डब्यातून तो काढला. आधी चार्जरची विक्री म्हणजे ‘जुना बिघडला’ अशी खूण होती. आता काही चार्जर थेट नव्या फोनबरोबरच विकत घ्यावे लागतात. म्हणजे एकाच वस्तूच्या विक्रीचा अर्थ बदलला!

एक कामाची गोष्ट इथंच सांगतो. चार्जर किंवा पॉवर बँक घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण बघा. ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. रात्रभर उशाशी चालू राहणारी वस्तू आहे ती, वीस-पंचवीस रुपयांसाठी जिवाशी खेळू नका.

गाणी भरून मिळतील

‘गाणी भरून मिळतील’ ही पाटी आठवते? नखाएवढं मेमरी कार्ड, फक्त १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. ते काढून द्यायचं आणि चहा पिऊन यायचं. तोवर त्यात भीमगीतं, भारुडं, लावण्या, पोवाडे आणि सिनेमाची गाणी ठासून भरलेली! कार्डं भराभर खपत होती तेव्हा गावात गाणी ऐकणारे फोन होते, पण इंटरनेट महाग होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि त्या पाटीची गरज ओसरत गेली. हुकावर कार्डांच्या जागी इयरफोन आणि नेकबँड आले. ॲक्सेसरी बदलली की ओळखावं, माणसाची सवय बदलली.

मोटरीला कव्हर लागत नाही

देशात मोबाईलच्या जोडण्या ११० कोटींहून जास्त आहेत. पण जोडणी म्हणजे माणूस नव्हे. एकाच फोनमध्ये दोन सिम असतात, आणि काही सिम तर थेट शेतात असतात! पुण्याच्या संतोष ओस्तवालांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं यंत्र बनवलं. मोबाईलवरून कॉल करून विहिरीवरची मोटर चालू-बंद करायची. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज अशी ‘मोबाईल ऑटो’ यंत्रं शिवाराशिवारात आहेत. रात्री-अपरात्री लाईट आली की अंथरुणातूनच मोटर सुरू करता येते, अंधारात बांधावरून साप-विंचवाच्या वाटेनं जायला नको. मोजणीत ते सिमही जोडणी म्हणूनच धरलं जातं, पण त्याला ना कव्हर, ना काच. म्हणून माणसांच्या हातातले फोन मोजायला सिमपेक्षा कव्हर अधिक खरं बोलतं.

कव्हर आलं, फोन आलाच नाही

कव्हर बनवणाऱ्यांना नव्या फोनची मापं आधी मिळावी लागतात, म्हणून ते कानोसा घेत असतात. २०११ मध्ये नव्या आकाराचा आयफोन येणार या बातमीवर विसंबून काही कंपन्यांनी कव्हरं बनवूनही टाकली. प्रत्यक्षात आला आयफोन ४ एस, जुन्याच घडणीचा. कव्हर फोनचा अंदाज सांगतं खरं, पण वापरात असलेल्या फोनचा. जन्माला न आलेल्याचं भविष्य त्यालाही कळत नाही.

ऊन, पाऊस आणि पीक पाहणी

ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगतं. परभणीचा मे महिना ४० च्या वर सहज जातो! दुचाकीच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये भर उन्हात फोन लावला की बॅटरीला त्रास होणारच. तिचं आयुष्य घटतं, कधी ती फुगते. पारदर्शक कव्हर उन्हानं पिवळं पडतं, कारण त्यातलं प्लास्टिक अतिनील किरणांनी बदलतं. मळलंय समजून ते कितीही घासलं तरी पांढरं होत नाही, नवंच घ्यावं लागतं.

मृगाचा पाऊस आला की गळ्यात अडकवायच्या प्लास्टिकच्या पाऊचला भाव येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा. तेव्हापासून फोन हे शेतीचं अवजारच झालंय. विळ्याला मूठ लागते, तसं फोनला पाऊच आणि पॉवर बँक.

जाता जाता चार चिमटी

• नेकबँड ज्या ब्लूटूथवर चालतो, त्याला नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ राजाचं. त्याच्या नावाची जुन्या लिपीतली दोन आद्याक्षरं जोडून ती खूण झाली आहे.

• इयरफोनच्या गोल पिनेची आजी म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली जाड पिन. ऑपरेटर तीच खोचून दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायचे.

• जत्रेत मिरवलेली सेल्फी स्टिक १९८० च्या दशकात जपानी हिरोशी उएदांनी कॅमेऱ्यासाठी बनवली होती. १९९५ मध्ये ती बिनकामाच्या शोधांच्या पुस्तकात छापली गेली. वीसेक वर्षांत जगभर खपली!

• लहान वस्तूवरून मोठा बाजार मोजणारे आपण एकटे नाही. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक १९८६ पासून बर्गरच्या किमतीवरून देशोदेशींची चलनं तोलतं. आपण काचेवरून मोबाईल तोलू.

सगळ्यात खालच्या कप्प्यात

एकदा संध्याकाळी फाट्यावर गाडीची वाट बघत थांबलो होतो. एक आजोबा काउंटरपाशी आले. धोतराच्या सोग्यातून त्यांनी रबर बँड लावलेला फोन काढला. नोकिया ११००. २००३ चं मॉडेल, जगभर २५ कोटींहून जास्त खपलेलं, डोक्यावर टॉर्च असलेलं. “लेकरा, हिला बॅटरी हाय का? चार्जिंग टिकंना.” दुकानातल्या पोरानं एक शब्द न विचारता सगळ्यात खालचा कप्पा ओढला आणि ‘बीएल-५ सी’ बॅटरी काढली. मागचं झाकण अंगठ्यानं सरकवलं, जुनी काढली, नवी बसवली. स्क्रीन उजळली. आजोबांनी आधी टॉर्च लावून बघितला, मग लेकीला फोन लावला, “पोचतो गं तासाभरात.”

त्या फोनची विक्री कुठल्याशा जुन्या अहवालात कधीच नोंदवून झाली आहे आणि त्याचं पान उलटलं गेलंय. नव्या यादीत त्याला जागा नाही. तरी तो जिवंत आहे हे त्या पोराला ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं खालच्या कप्प्यात बॅटरी ठेवली होती. पुढच्या वेळी फाट्यावर उतराल तेव्हा हुकांवरची चकचकीत कव्हरं जरूर बघा. पण दुकानदाराला एकदा विचारा, “साध्या फोनची बॅटरी मिळंल का?” ‘मिळंल की’ असं उत्तर आलं, तर समजा, त्या पंचक्रोशीतल्या कुठल्या तरी आजोबांचं लेकीशी अजून रोज बोलणं होतंय.