बाळाची नाचणीची पेज आणि तिच्यातलं लोह

लखनौतल्या मराठी घरात बाळ सहा महिन्यांचं झालं की गावाहून नाचणीसत्त्वाचा डबा येतो. तो संपला तर इथल्या दुकानात ‘मंडुआ’ किंवा ‘रागी’ म्हणून नाचणी मागावी. बाजरी तर मुबलक मिळते.

जन्मताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. वरच्या अन्नातून ते मिळालं नाही, तर रक्तक्षय, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होणं, सुरू होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी उत्तर प्रदेशात ६६.४ टक्के, तर महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला.

सुरुवात मोड आणण्यापासून करावी. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं. ते लोहाला बांधून ठेवतं, त्यामुळे पोटात गेलेलं लोह रक्तापर्यंत पोचत नाही. मोड आले की फायटेट कमी होतं. नाचणी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधावी. लखनौच्या जानेवारीत मोडांना वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी उबेला ठेवावी. पावसाळ्यात मात्र ती लवकर आंबते. वास बदलला तर ती नाचणी टाकून द्यावी.

मोड आलेली नाचणी खडखडीत वाळवून, मंद भाजून दळावी. ओल राहिली तर पिठाला बुरशी येते.

आता गाळण्याचं. वस्त्रगाळ सत्त्व मऊ होतं खरं, पण चोथ्याबरोबर लोहही जातं. पीठ बारीक चाळणीने चाळलं तरी पुरे.

दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मंद आचेवर ढवळत शिजवावं. पेज चमच्यावर टिकेल इतकी दाट हवी. पातळ पेजेने पोट भरतं, पोषण मिळत नाही. वरून थोडं तूप घालावं. वर्षाच्या आत मीठ, साखर नको आणि मध तर मुळीच नको.

सगळ्यात जास्त चूक होते ती दुधाची. पेज गाईच्या दुधात शिजवली की दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं. नाचणीत स्वतःचंच कॅल्शियम भरपूर असतं. म्हणून ती पाण्यातच शिजवावी आणि अधूनमधून बाजरी, मूगडाळीची पेज द्यावी. चहाचा घोट तर बाळाला कधीच देऊ नये.

क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, पण ते उष्णतेने नष्ट होतं. म्हणून पेज कोमट झाल्यावर लिंबाचे थेंब, हिवाळ्यात बिया काढलेल्या पेरूचा गर, जूनमध्ये मलिहाबादच्या दशहरी आंब्याचा गर मिसळावा.

इतकं करूनही हिशेब पुरा होत नाही. दहा ग्रॅम नाचणीत लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि सहा ते बारा महिन्यांच्या बाळाची रोजची गरज सुमारे ३ मिलिग्रॅम. घरात चालत असेल तर अंड्याचा बलक, नीट शिजवून बारीक केलेलं मटण किंवा कलेजी द्यावी. मांसातलं लोह सहज शोषलं जातं.

‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप मिळतं. आपल्या भागातल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावं. सिरपमुळे शी काळी होते. घाबरून ते बंद करू नये. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर सहा महिन्यांची वाट न पाहता लोहाबद्दल डॉक्टरांना विचारावं. घरात थॅलेसेमिया असेल, तर सिरप सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं.