हात सरावात हवा
वैद्यकाचे ज्ञान ग्रंथात टिकते. कसब मात्र हातात असते, आणि सरावावाचून हात आखडतो. अडलेली बाई क्वचितच येणाऱ्या खेड्यातील डॉक्टराची हीच अडचण. उजळणीसाठी शहरात जावे, तर दवाखाना बंद पडतो, अथवा पदरच्या पैशाने बदली डॉक्टर नेमावा लागतो. हे ओळखून ऑस्ट्रेलियाने २००४ साली अनुदान-योजना सुरू केली. प्रसूती, भूल व शस्त्रक्रिया करणाऱ्या ग्रामीण डॉक्टरांना उजळणीच्या दिवसामागे २,००० डॉलरपर्यंत, वर्षाकाठी १० दिवसांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद तीत झाली. हा डॉक्टरांवरील उपकार नव्हे. त्यांचा हात आखडला, की गावातील प्रसूतिगृहाचे दार मिटते आणि वेणा सोसत शेकडो मैल जाण्याची पाळी बाईवर येते. त्या प्रवासापुढे हे अनुदान महाग कोण म्हणेल?